बोट चालवणाऱ्याने एखादी बिअर घेतली तर चालते का? आणि नांगरावर असताना?

निळं_शीड

साडेपाच मीटरची फायबरची उघडी बोट, मागे बाहेरून बसवलेलं ६० अश्वशक्तीचं इंजिन (आउटबोर्ड), माणसं सहा. सकाळी निघायचं, दुपारी आडोशाला नांगर टाकून जेवायचं, पोहायचं आणि उजेड आहे तोवर परतायचं असा बेत आहे. बर्फाच्या पेटीत बिअर असणार. बोट चालवणारे दोघे आहेत, दोघांचाही सुकाणूवर हात बसलेला आहे.

वाद असा पडलाय: एकाचं म्हणणं, पाण्यावर ना सिग्नल, ना वळणं, ना गर्दी, एखादा कॅन घेऊन सुकाणू धरलं तर काय बिघडतं? दुसऱ्याचं म्हणणं, थेंबही नको. मला नेमकी माहिती हवीय.

कायद्याने किती चालते? नांगर टाकल्यावर चालवणाऱ्याने घेतली आणि तीन तासांनी बोट हलवली तर? बाकीच्या चौघांनी घ्यायला काही हरकत आहे का? आणि आदल्या रात्री बसणं झालं असेल तर सकाळी निघता येतं का?

सुकाणूवरून

सरळ उत्तर आधी: चालवणाऱ्याने नाही. ज्याला त्या दिवशी बोट परत आणायची आहे त्याने नांगरावरही नाही.

कायद्याचं उरकून घेतो. नियम देशागणिक बदलतात, काही देशांत राज्यागणिकही. तुम्ही ज्या पाण्यात उतरणार तिथल्या बंदर कार्यालयात विचारून घ्या. व्यावसायिक जहाजांसाठी मात्र जगभराची एक मर्यादा आहे. खलाशांचं प्रशिक्षण आणि पहारा यासंबंधीच्या एसटीसीडब्ल्यू करारात २०१० साली मनिला इथे दुरुस्त्या झाल्या आणि त्या १ जानेवारी २०१२ पासून लागू झाल्या. कप्तान, अधिकारी आणि सुरक्षिततेचं काम असलेले खलाशी यांच्या रक्तात ०.०५ टक्क्यांपेक्षा किंवा श्वासात लिटरमागे ०.२५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असता कामा नये. ही कमाल मर्यादा झाली, बऱ्याच कंपन्या शून्यच ठेवतात. हौशी बोटींना अमेरिकेत केंद्रीय कायद्याची मर्यादा ०.०८ आहे, व्यावसायिकांना ०.०४, आणि तो कायदा वल्ह्याच्या होडीपासून मोठ्या जहाजापर्यंत सगळ्यांना लागू होतो. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये प्रौढ हौशी चालकाला ०.०५.

आकडा कळला की माणूस तेवढी पिण्याची मुभा धरून चालतो, तिथेच घोटाळा होतो. अमेरिकेच्याच नियमात, आकडा मर्यादेखाली असला तरी बोलण्या-चालण्यात, हालचालीत नशा दिसत असेल तर गुन्हा होतो. शिवाय बोटीच्या विम्याची पॉलिसी काढून वाचा. चालक नशेत असताना झालेलं नुकसान भरून मिळणार नाही, असं कलम अनेक पॉलिसींमध्ये असतं.

आता हिशोब. दारूतलं शुद्ध अल्कोहोल ग्रॅममध्ये काढायचं तर मिलिलिटर गुणिले टक्के (५ टक्के म्हणजे ०.०५) गुणिले ०.७८९. ५ टक्क्यांचा ३३० मिलीचा कॅन म्हणजे १३ ग्रॅम. ८ टक्क्यांची ५०० मिलीची स्ट्राँग बिअर म्हणजे साडेएकतीस ग्रॅम, अडीच साध्या कॅनच्या जवळपास! ४० टक्क्यांच्या व्हिस्कीचे ६० मिलीचे दोन पेग म्हणजे ३८ ग्रॅम. हे ग्रॅम वजनाने (किलोत) आणि एका गुणकाने भागायचे, मग १० ने भागायचे, की रक्तातला टक्का मिळतो. पुरुषांसाठी गुणक ०.६८, स्त्रियांसाठी ०.५५. म्हणजे ७० किलोच्या पुरुषाला एका साध्या कॅनने ०.०२७, एका स्ट्राँगने ०.०६६ आणि दोन पेगनी ०.०८. तेच दोन पेग ५५ किलोच्या बाईला ०.१२५ पर्यंत नेतात. उपाशीपोटी हा आकडा अर्ध्या-पाऊण तासात चढतो, जेवणानंतर उशिरा. उतरतो मात्र आपल्या चालीने, तासाला साधारण ०.०१५. कुणाचा ०.०१०, कुणाचा ०.०२०. कॉफी, लिंबूपाणी, थंड पाण्याची आंघोळ, उलटी, यातल्या कशानेही यकृताचं काम लवकर होत नाही.

तुमचा चौथा प्रश्न याच गणितात बसतो. ७० किलोच्या माणसाने रात्री ८ ते १२ मध्ये ४० टक्क्यांची ३०० मिली घेतली तर सुमारे ९५ ग्रॅम, म्हणजे ०.२०. सुरुवातीपासूनचे ११ तास धरले तरी सकाळी ७ ला ०.०३ च्या वर शिल्लक राहते. झोप झाली, तोंड धुतलं, चहा झाला, माणूस ताजातवाना वाटतो आणि रक्तात मात्र एका कॅनहून जास्त आहे. म्हणून नियम आदल्या संध्याकाळपासून सुरू करा. चालवणारे दोघेही रात्रीच्या बैठकीत जेवण करून उठले तर उत्तम.

कानातला_तोल

वरचा हिशोब रक्तातला झाला. पाण्यावर त्यात आणखी दोन गोष्टी मिसळतात, ज्या रस्त्यावर नसतात.

पहिली, बोटीवरचा थकवा. ऊन, पाण्यावरची चमक, वारा, इंजिनाचा आवाज, धडधड आणि सतत हलणारा तळ. तोल राखायला पायांचे, पाठीचे स्नायू दिवसभर काम करत असतात आणि ते आपल्या लक्षातही येत नाही. असे चार तास गेले की थेंबही न घेतलेल्या माणसाची प्रतिक्रिया मंदावते, जवळपास नशेतल्या माणसाइतकी. तुमच्या बेतात परतीचा प्रवास नेमका त्याच वेळी येतो. त्यावर एक कॅन पडला तर तो घरच्या खुर्चीत घेतलेल्या एका कॅनसारखा वागत नाही. त्यात दारू मूत्रपिंडांना पाणी धरून ठेवायचा निरोप देणारं संप्रेरक दाबते. उन्हात घाम, वर ही लघवी, शरीर सुकतं आणि डोकं जड होतं.

दुसरी गोष्ट कानाच्या आतली. तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नळ्यांमध्ये द्रव असतो आणि त्यात जेलीसारखा एक पडदा. दोन्हीची घनता सारखी असल्यामुळे एरवी पडदा फक्त डोकं फिरलं तरच झुकतो. अल्कोहोल पाण्याहून हलकं. ते पडद्यात आधी शिरतं, द्रवात नंतर. मधल्या तीन-चार तासांत पडदा हलका होऊन तरंगू लागतो आणि डोकं नुसतं कलतं केलं तरी मेंदूला फिरल्याचा खोटा निरोप जातो. मग दोन्हीकडे सारखं होतं, बरं वाटतं. पुढे अल्कोहोल पडद्यातून आधी बाहेर पडतं आणि पडदा जड होऊन उलट्या दिशेने झुकतो. हा दुसरा टप्पा रक्तातला आकडा शून्यावर आल्यानंतरही काही तास टिकतो. आदल्या रात्रीच्या प्रश्नाला हेही उत्तर आहे. श्वासयंत्र शून्य दाखवेल आणि तरी लाटेवर तोल जाईल.

या कानाचं खरं रूप माणूस पाण्यात पडल्यावर दिसतं. थंड पाणी एका कानात शिरलं की त्यानेही गरगरतं. दारू, गरगर आणि पाण्याखालचा अंधार एकत्र आले की वर कुठे आणि खाली कुठे हेच कळत नाही. चांगला पोहणारा माणूस चुकीच्या दिशेला हात मारत राहतो.

पाणी थंड असेल तर अचानक बुडी बसताच पहिली धाप आपोआप लागते. तोंड त्या क्षणी पाण्याखाली असेल तर पाणी फुफ्फुसात. बचावाचं काम करणारे लोक यासाठी १-१०-१ असं सांगतात: श्वास ताब्यात यायला एक मिनिट, हातपाय कामाचे राहण्याची दहा मिनिटं, गारठून शुद्ध हरपायला सुमारे एक तास. दारूने कातडीखालच्या रक्तवाहिन्या पसरतात, म्हणून ऊब वाटते आणि प्रत्यक्षात शरीराची उष्णता पाण्यात लवकर जाते. थरथर कमी होते, रक्तातली साखर उतरते. तो एक तास भरवशाचा राहत नाही.

रेती_बंदर

प्रामाणिक शंका. वरच्याच गणिताने ७० किलोच्या माणसाला एका कॅनने ०.०२७ होतात. वर दिलेल्या सगळ्या मर्यादांच्या आत. सरळ, मोकळं पाणी, दिवसाचा उजेड, वेग १५ नॉट (ताशी सुमारे २८ किलोमीटर). यात नेमकं काय चुकेल? उगाच बाऊ तर होत नाही ना?

सुकाणूवरून

शंका रास्त आहे. ०.०२ च्या आसपास माणूस झिंगलेला नसतो, बोलणं-चालणं ठीक असतं. कमी होतात त्या दोन गोष्टी: हलत्या वस्तूवर झटपट नजर ठेवणं आणि एकाच वेळी दोन कामं करणं. बोट चालवणं म्हणजे या दोनच गोष्टी आहेत. समोर तरंगतं लाकूड, जाळ्याचे बोये, पोहणाऱ्याचं डोकं, डावीकडून येणारी बोट, मागे उभं राहणारं माणूस, इंजिनाचं तापमान, खोली. १९७२ च्या टक्कर टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांतला पाचवा नियम सगळ्या बोटींना लागू आहे: सतत डोळ्यांनी आणि कानांनी पहारा ठेवायचा. रस्त्यावर धोका बहुतेक समोरून येतो, इथे सगळीकडून येतो आणि बोटीला ब्रेक नसतो.

आकड्यांत पाहा. २० नॉट म्हणजे सेकंदाला १०.३ मीटर. समोरची बोटही तेवढ्याच वेगाने येत असेल तर अंतर सेकंदाला २०.६ मीटरने घटतं. २०० मीटरवर दिसली तर हातात १० सेकंद उरतात. त्यात ओळखायचं, ठरवायचं, थ्रॉटल मागे घ्यायचं, सुकाणू वळवायचं आणि बोटीने ते ऐकायचं. एक सेकंद उशीर म्हणजे दोन्ही बोटींमधलं २० मीटर अंतर गेलं.

'उजेड असताना परत' हे बेतात असतं. इंजिनाच्या इंधन-फिल्टरमध्ये पाणी आलं, इंजिनाच्या पाण्यातल्या पंख्याला दोरी गुंडाळली, नांगर खडकात अडकला की दोन तास सहज जातात आणि परतायला अंधार होतो. रात्री समोरची बोट कुठे चाललीय ते फक्त दिव्यांवरून कळतं. तिच्या डाव्या अंगाला लाल आणि उजव्या अंगाला हिरवा, दोन्ही नाकासमोरून ११२.५ अंशांपर्यंत दिसणारे, मागे पांढरा १३५ अंशांचा. लाल-हिरवा एकदम दिसले तर ती थेट अंगावर येतेय. दारूने लाल-हिरव्यातला फरक ओळखणं अवघड होतं, बाजूची नजर अरुंद होते आणि झगझगीत दिवा डोळ्यांवर आला की सावरायला जास्त वेळ लागतो. किनाऱ्यावरच्या दिव्यांच्या गर्दीतून एक लाल ठिपका वेगळा काढणं शुद्धीतल्या माणसालाही जड जातं.

आणि एका कॅनचा हिशोब कॅन एकच राहिला तर खरा. पहिल्या कॅनने सगळ्यात आधी जातो तो 'आता पुरे' म्हणायचा निर्णय. इंजिन बंद पडल्यावर पाण्यात उतरायचं की नाही, ढग आलेत तर थांबायचं की निघायचं, हे ठरवायला लागणारं डोकं तेच. जहाजांच्या बाबतीतही दारूचा घाव बहुतेक इथेच बसतो. २४ मार्च १९८९ ला एक्सॉन व्हाल्डेझ हे तेलवाहू जहाज अलास्कातल्या ब्लाय रीफवर चढलं, सुमारे १.१ कोटी गॅलन तेल सांडलं. कप्तान नशेत असल्याचा आरोप न्यायालयात टिकला नाही. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने मात्र संभाव्य कारणांमध्ये नोंदवलं की दारूच्या परिणामामुळे कप्तानाने पहाऱ्याची नीट व्यवस्था ठेवली नाही. खडकावर चढताना कप्तान सुकाणूपाशी नव्हताच.

नांगर_दोर

दुसऱ्या प्रश्नावर, म्हणजे नांगरावर. याचे दोन भाग आहेत आणि लोक ते एकत्र करतात.

नियमाच्या भाषेत बोट 'चालती' केव्हा? वर सांगितलेल्या १९७२ च्या नियमांतला तिसरा नियम म्हणतो, जी बोट नांगरावर नाही, किनाऱ्याला बांधलेली नाही आणि जमिनीला टेकलेली नाही ती चालती. म्हणजे इंजिन बंद करून प्रवाहाबरोबर वाहत बसलेली बोट चालतीच. 'इंजिन बंद होतं' हा बचाव इथे टिकत नाही. नांगरावर घट्ट असलेली बोट बऱ्याच ठिकाणी दारूच्या नियमातून सुटते. तेवढ्यावर चालवणाऱ्याने कॅन उघडू नये, कारण नांगर निसटतो आणि तो निसटायची वेळ आपण ठरवत नाही.

तीन तासांचं गणित कागदावर बरोबर येतं. एका साध्या कॅनचे ०.०२७ दोन तासांत उतरतात, सावकाश उतरणाऱ्याला पावणेतीन. दोन कॅनना पावणेचार तास. पण वारा फिरला, एखाद्याला पोहताना दगडाने कापलं, दुसरी बोट वाहत अंगावर आली तर ते पहिल्या अर्ध्या तासातच होऊ शकतं, आणि त्या वेळी इंजिन सुरू करणारा हात तोच असतो.

नांगर टाकताना हे पाहा. खोली ४ मीटर, भरतीत पाणी आणखी २ मीटर चढणार, नांगराची दोरी बोटीवर जिथून निघते ती जागा पाण्यापासून १ मीटर वर. एकूण ७. दोरीचा नांगर असेल तर याच्या सातपट, म्हणजे ४९ मीटर सोडा. लोक ओहोटीची खोली धरतात, ४ अधिक १ असे ५, त्याच्या पाचपट २५ मीटर सोडतात आणि भरती आल्यावर हेच प्रमाण साडेतीनपटीवर येतं. दोरीचा ओढा वरच्या दिशेला जातो, नांगराचं टोक उचललं जातं आणि बोट सरकू लागते. हे सगळं जेवणानंतर, जेव्हा बोटीवर सर्वांच्या पापण्या जड झालेल्या असतात.

नांगराच्या पुढे तीन-चार मीटर साखळी ठेवा, म्हणजे ओढा आडवा राहतो. दोरी सोडल्यावर इंजिन हळू मागे घेऊन नांगर रुतवा. दोरीला हाताने स्पर्श करून पाहा. रुतला असेल तर दोरी ताठ आणि स्थिर लागते, सरकत असेल तर थांबून-थांबून गचके बसल्यासारखी थरथरते. मग किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरा, झाड आणि त्यामागचा खांब अशा, आणि दर वीस मिनिटांनी त्या रेषेतच आहेत का ते पाहा. जीपीएसचा गजर लावायचा असेल तर नांगर पाण्यात पडताक्षणीची जागा नोंदवा. बोट मागे सरकून स्थिरावल्यावरची जागा नोंदवली तर वर्तुळ चुकीच्या ठिकाणी बसतं. ४९ मीटर दोरी आणि साडेपाच मीटर बोट धरली तर गजर ६० मीटरवर ठेवा. आजूबाजूला तेवढी मोकळी जागा आहे ना, हे आधी.

किनाऱ्यावर जाऊन पिऊन रात्री छोट्या होडीने मोठ्या बोटीवर परतणं, हे शक्यतो बेतातूनच काढून टाका. अंतर शंभर मीटर म्हणून जॅकेट घालत नाहीत, होडीत माणसं जास्त, अंधार, चढताना एक पाय होडीत आणि एक शिडीवर.

लाईफ_जॅकेट_घाला

तिसरा प्रश्न सगळ्यात कमी विचारला जातो आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. बोटीवर दारूने मरतो तो चालवणाराच असतो असं नाही. बोट नांगरावर असतानाही पाहुणा कडेवरून पडतो.

साडेपाच मीटरच्या उघड्या बोटीत सहा माणसं म्हणजे सव्वाचारशे किलोच्या आसपास, आणि हे वजन बोटीला खिळवलेलं नाही. चौघे हसत-हसत एका कडेला फोटोला उभे राहिले की बोट कलते, कललेल्या कडेवरून पाणी आत येतं, आत आलेलं पाणी त्याच बाजूला धावतं. शुद्धीतला माणूस बोट हलली की आपोआप बसतो किंवा आधार धरतो. प्यायलेला उभाच राहतो.

पडण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. एक, बोटीच्या मागच्या टोकाला लघवीला उभं राहणं. एक हात गुंतलेला, पाय ओल्या फायबरवर, कठडा गुडघ्याएवढा. बाटली किंवा बादली ठेवा आणि बसून उरका, संकोच वाटला तरी. दोन, पुढच्या टोकावर पाय सोडून बसणं. याचा आकडा लक्षात ठेवा. १५ नॉट म्हणजे सेकंदाला ७.७ मीटर. पाच मीटर लांबीच्या बोटीच्या पुढून पडलेला माणूस ०.६५ सेकंदात पंख्यापाशी येतो. त्या वेळात सुकाणूवरच्या माणसाला ओरडणंही ऐकू येत नाही. इंजिनाचे फेरे मिनिटाला ३०००, गियरचं प्रमाण २ ला १ धरलं तर पंखा १५०० फेरे घेतो, तीन पाती म्हणजे मिनिटाला ४५०० वेळा पातं एका जागेवरून जातं. बोट चालू असताना पुढच्या टोकावर कोणीच नाही.

तीन, प्यायल्यावर बोटीवरून सूर मारणं. खोली डोळ्यांनी मोजली जाते आणि मान मोडते.

म्हणून पाहुण्यांनी घेतली तर अटी अशा: बोट नांगरावर, पोहणं आटोपलेलं, आणि जॅकेट अंगात. कोणतं जॅकेट हेही पाहा. त्यावर तरंगवण्याचा जोर न्यूटनमध्ये लिहिलेला असतो. ५० न्यूटनचं साधन पोहता येणाऱ्या, शुद्धीतल्या माणसासाठी आहे, ते बेशुद्ध माणसाचं तोंड वर वळवत नाही. १५० न्यूटनचं वळवतं. फुगणारं असेल तर पाणी लागताच आपोआप फुगणारं घ्या. दोरी ओढून फुगवायच्या जॅकेटची दोरी नशेतल्या माणसाला सापडत नाही. दोन पायांमधला पट्टा बांधलेला हवा, नाहीतर जॅकेट वर सरकून कानाशी येतं आणि माणूस खाली लोंबतो.

सुकाणूवर असलेल्याने किल स्विचची (दोरी निघताच इंजिन बंद करणाऱ्या बटणाची) दोरी पायाला किंवा जॅकेटला अडकवायचीच, दारू असो-नसो. चालक फेकला गेला की सोडून दिलेलं आउटबोर्ड पंख्याच्या पिळाने एका बाजूला वळतं आणि बोट त्याच माणसाभोवती गोल फिरत राहते.

कोणी पडलंच तर: मोठ्याने ओरडा, एकाने फक्त हाताने त्याच्याकडे दाखवत राहायचं आणि नजर हटवायची नाही. तरंगतं काहीही फेका. सुकाणू पडलेल्या माणसाच्या बाजूला वळवा, म्हणजे बोटीचा मागचा भाग आणि पंखा त्याच्यापासून दूर जातो. वळसा घेऊन वाऱ्याला सामोरे होत हळू या, माणूस बाजूला आला की इंजिन बंद. न्यूट्रल नाही, बंद. मग चढवणं, आणि इथेच लोक अडतात. ८० किलोचा, ओल्या कपड्यांतला, अंग सोडलेला माणूस अर्धा-पाऊण मीटर उंच कडेवरून एकट्याला उचलत नाही. शिडीची शेवटची पायरी पाण्याखाली किमान अर्धा मीटर हवी, आणि ती पाण्यातल्या माणसाला स्वतः खाली ओढता यायला हवी. शिडी नसेल तर दोरीचा मोठा फास काखेतून घालून दोघांनी ओढा. थंड पाण्यात बराच वेळ गेला असेल तर शक्य तितकं आडवं ठेवून उचला आणि आडवंच ठेवा, उभं केल्यावर रक्तदाब एकदम कोसळू शकतो. बोटीवर सहापैकी पाच प्यायलेले असतील तर हे सगळं करणार कोण, तेवढं आधी ठरवा. माझ्या मते दोघे चालवणारे आणि पाहुण्यांतला एक, असे तीन कोरडे हवेत.

निळं_शीड

सगळ्यांचे आभार. जॅकेट ५० न्यूटनची आहेत, बदलतोय. शिडीची खालची पायरी पाण्यावरच राहते असं आत्ता मोजल्यावर दिसलं, तीही बदलणार.

दोन गोष्टी राहिल्या. निघायच्या सकाळी चालवणारा ठीक आहे हे कसं तपासायचं? घरगुती श्वासयंत्र भरवशाचं असतं का? आणि दोघांना बोट लागते, ते उलटीची गोळी घेणार आहेत. ती घेतली आणि नांगरावर एखादी बिअर, तर?

कानातला_तोल

गोळी घेतली तर बिअर नाही, पाहुण्यालाही नाही. बोट लागू नये म्हणून मिळणाऱ्या प्रोमेथाझिन, डायमेनहायड्रिनेट, सिनारिझिन या गोळ्या स्वतःच गुंगी आणतात. प्रोमेथाझिनची तर बराच वेळ टिकते. दारू त्यात बेरीज करत नाही, ती गुंगी कितीतरी गडद करते. असा माणूस उन्हात आडवा होतो, उलटी झाली तरी कूस बदलत नाही. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांचंही तसंच. चालवणाऱ्यालाच बोट लागत असेल तर गुंगीची गोळी घेऊन त्याने सुकाणू धरू नये, दुसऱ्याकडे द्यावं. गोळी लागली तर कोणती आहे त्याप्रमाणे निघण्याआधी अर्धा ते दोन तास घ्यावी. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली बहुतेकदा बाहेरच पडते.

आणखी एक, कारण ते दारूच्या नावावर खपतं. बोटीच्या मागच्या बाजूला इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. डोकं दुखणं, मळमळ, गरगर, सुस्ती, लक्षणं अगदी प्यायल्यासारखी. कोणी मागे झोपलाय आणि इंजिन सुरू आहे, तर 'जास्त झाली वाटतं' म्हणून सोडू नका. आधी इंजिन बंद, मग त्याला मोकळ्या हवेत पुढे आणा आणि उठतोय का पाहा.

सुकाणूवरून

श्वासयंत्राबद्दल. स्वस्त यंत्रांत सेमीकंडक्टरचा सेन्सर असतो, तो इतर वाफांनाही फसतो आणि लवकर भरकटतो. फ्युएल सेलचं घ्या आणि माहितीपत्रकात दिलेल्या मुदतीत कॅलिब्रेशन करून घ्या. शेवटच्या घोटानंतर, किंवा अल्कोहोल असलेल्या माउथवॉशनंतर, पंधरा मिनिटं थांबून फुंका, नाहीतर तोंडातलंच मोजलं जातं. आकडा कोणत्या एककात आहे ते पाहा: लिटरमागे ०.२५ मिलिग्रॅम श्वासातले म्हणजे रक्तातले सुमारे ०.०५ टक्के. एकाचा आकडा दुसऱ्याचा समजून लोक फसतात.

यंत्र शून्य दाखवत असेल तरी बसल्या-बसल्या एक पडताळणी करा. पाण्यावर तपासणी करणारे अधिकारीही चालायला लावत नाहीत, कारण बोटीवरून आलेल्या माणसाचे पाय जमिनीवर तसेही डुलतात. ते बसवून चार गोष्टी पाहतात: पेनाचं टोक आडवं सरकवताना डोळे कडेला जाऊन थरथरतात का, डोळे मिटून बोट नाकाच्या शेंड्याला लागतं का, एक तळहात वर धरून दुसऱ्या हाताने एकदा तळव्याने, एकदा पाठीने थोपटत 'एक, दोन' मोजत वेग वाढवता येतो का, आणि मुठी एकापुढे एक ठेवत मोजत पुढे जाणं, सांगितलेल्या क्रमाने परत येणं. आपण अधिकारी नाही, तेव्हा घरच्या वापरात डोळ्यांचा निकाल लावत बसू नका. तिसरी आणि चौथी गोष्ट दोघांनी एकमेकांची आदल्या दिवशी, काही न घेता, करून ठेवा. सकाळी तीच परत करा. चुकतंय असं वाटलं तर सुकाणू दुसऱ्याने धरायचं, आणि दुसराही रात्री बसलेला असेल तर बोट धक्क्यालाच बांधलेली राहू द्या.